डिग्री खरी, पोलीसभरतीत किंमत शून्य

अमेरिकेत क्रिमिनल जस्टिस शिकायला जाणाऱ्यांची फसवणूक बहुतेक वेळा बनावट डिग्रीने होत नाही. कॉलेज खरं असतं, वर्ग भरतात, परीक्षा होतात, सरकारी कर्जही मंजूर होतं. शेवटी हातात पडणारा कागदही खराच असतो. फक्त ज्या नोकरीसाठी तो घेतला, तिथे तो चालत नाही.

इलिनॉयमध्ये वेस्टवुड कॉलेजच्या विद्यार्थ्यांचं हेच झालं. शिकागो पोलीस, राज्य पोलीस यांच्यात नोकरीचा मार्ग मोकळा होईल, असं सांगून मुलं भरली गेली. डिग्रीचा खर्च ७० हजार डॉलरच्या वर. कॉलेजकडे रीजनल मान्यता (जुन्या, नावाजलेल्या विद्यापीठांना असते ती) नव्हती, त्यामुळे ही खाती तिथले क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या विषयांचे गुणांक, धरतच नव्हती, असा दावा राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल (मुख्य सरकारी वकील) लिसा मॅडिगन यांनी जानेवारी २०१२ मध्ये दाखल केला. २०१५ मध्ये तडजोड होऊन दीड कोटी डॉलरची खासगी कर्जं माफ झाली आणि २०१६ मध्ये कॉलेजला टाळं लागलं. केंद्रीय शिक्षण खात्याने देशभरातल्या ७९ हजार माजी विद्यार्थ्यांची सरकारी कर्जं रद्द केली ती थेट ऑगस्ट २०२२ मध्ये. तोवर कित्येकांची उमेदीची वर्षं हप्ते भरण्यात गेली होती.

मिनेसोटात दुसरी आवृत्ती निघाली. तिथे पोलिसाचा परवाना पोस्ट बोर्ड (पोलिसांची पात्रता आणि प्रशिक्षण ठरवणारं राज्याचं मंडळ) देतं, आणि त्यासाठी रीजनल मान्यतेच्या कॉलेजची किमान दोन वर्षांची पदवी आणि त्याखेरीज बोर्डाने मंजूर केलेला पोलीस अभ्यासक्रम लागतो. ग्लोब युनिव्हर्सिटी आणि मिनेसोटा स्कूल ऑफ बिझनेस या जोडसंस्थांच्या क्रिमिनल जस्टिस कोर्सकडे यातलं काहीच नव्हतं. प्रोबेशन ऑफिसरच्या (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कामाचंही गाजर दाखवलं होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये कोर्टाने स्पष्ट शब्दांत ही फसवणूक ठरवली.

आता घोडं पेंड कुठे खातं ते बघा. अमेरिकेत कॉलेजांना मान्यता सरकार देत नाही, खासगी संस्था देतात. सरकार त्या संस्थांना ओळखतं. पूर्वी त्यांचे दोन गट होते, रीजनल आणि नॅशनल. नाव ऐकून कुणालाही वाटेल, नॅशनल म्हणजे मोठी आणि रीजनल म्हणजे तालुक्यापुरती. प्रत्यक्षात उलट आहे. जुनी, नावाजलेली विद्यापीठं रीजनल गटात, आणि करिअर कॉलेजांचा बराचसा भरणा नॅशनल गटात. सरकारी कर्जासाठी दोन्ही चालतात. दुसऱ्या विद्यापीठात क्रेडिट हलवताना आणि कित्येक पोलीस खात्यांत मात्र रीजनलच चालते. म्हणून ‘आम्ही पूर्ण अ‍ॅक्रेडिटेड आहोत’ हे कॉलेजच्या प्रवेश काउन्सेलरचं वाक्य शंभर टक्के खरं असूनही तुम्हाला खड्ड्यात घालू शकतं. खोटं बोलण्याची गरजच पडत नाही!

२०२० पासून केंद्रीय नियमांत हा फरक कागदोपत्री उरलेला नाही. त्यामुळे गोंधळ कमी न होता वाढलाच, कारण भरती करणारे आणि रजिस्ट्रार आजही मान्यता देणाऱ्या संस्थेचं नाव बघतात. तेव्हा ‘मान्यता आहे का’ असं विचारू नका, ‘कुणाची’ असं विचारा आणि ते नाव शिक्षण खात्याच्या ऑनलाइन यादीत स्वतः ताडून पाहा. वेस्टवुड आणि ग्लोब या दोघांना मान्यता देणाऱ्या एसीआयसीएस या संस्थेची सरकारी ओळख २०१६ मध्ये गेली, २०१८ मध्ये परत आली आणि २०२२ मध्ये कायमची गेली.

खरी चौकशी कॉलेजबाहेर होते. ज्या खात्यात जायचं आहे त्याच्या भरती विभागाला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवरचं ‘हो, चालेल बहुधा’ काही कामाचं नाही. प्रश्न नेमके हवेत. अमुक कॉलेजचे ६० क्रेडिट तुम्ही धरता का? या कोर्सवरून राज्याच्या परवाना परीक्षेला थेट बसता येतं, की पोलीस अकॅडमीचं प्रशिक्षण वेगळं करावं लागतं? गेल्या दोन-तीन वर्षांत तिथला कुणी घेतला का? तसाच एक ईमेल जवळच्या सरकारी विद्यापीठाच्या रजिस्ट्रारला पाठवा: इथले कोणते विषय तुमच्याकडे जमा होतील? उत्तर ‘एकही नाही’ आलं, तर पुढचं काही विचारायला नको.

याच चौकशीत कित्येकांना कळतं की अमेरिकेतल्या बहुतेक स्थानिक पोलीस खात्यांना हायस्कूलपुरतंच शिक्षण लागतं, आणि एफबीआयच्या स्पेशल एजंटला पदवी लागते, पण ती क्रिमिनल जस्टिसचीच हवी असं नाही. ‘याच कोर्सशिवाय दार उघडत नाही’ असं कुणी सांगत असेल, तर तो कोर्स विकतोय.

काउन्सेलर कधीच विचारत नाही असा एक प्रश्न म्हणजे जुना गुन्हा. फेलनीची, म्हणजे गंभीर गुन्ह्याची, शिक्षा झालेल्याला पोलिसाचा परवाना जवळजवळ कुठेच मिळत नाही. घरगुती हिंसाचाराचा किरकोळ वाटणारा गुन्हा सिद्ध झाला असेल, तरी १९९६ च्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, आणि बंदुकीविना पोलीस कसला? फी घेताना हे कुणी आडवं आणत नाही. ते निघतं चार वर्षांनी, पार्श्वभूमी तपासणीच्या टेबलावर.

प्लेसमेंटचा आकडाही सोलून बघावा लागतो. मॉलच्या दारात उभा राहणारा सिक्युरिटी गार्ड ‘याच क्षेत्रात नोकरी’ म्हणून मोजता येतो, आणि ज्याला कोर्स न करताही ती नोकरी मिळाली असती तोही त्यातच. टक्केवारी बाजूला ठेवून पदांची यादी मागा. कोर्सला किती जणांनी प्रवेश घेतला, किती पास झाले, किती जण शपथ घेतलेले पोलीस अधिकारी झाले? यादी देताना टाळाटाळ झाली की समजून जा.

सही करण्याआधी एनरोलमेंट अ‍ॅग्रीमेंटची शेवटची दोन पानं सावकाश वाचा. क्रेडिट हलवणं ‘समोरच्या संस्थेच्या मर्जीवर’ असल्याची ओळ तिथे असते. तोंडी आश्वासनं बंधनकारक नाहीत, ही दुसरी. वाद झाला तर कोर्टाऐवजी लवादाकडे जाल, ही तिसरी. तासभर रंगवलेलं पोलिसाच्या वर्दीचं चित्र या तीन ओळींत पुसून जातं. म्हणून जे तोंडी सांगितलं ते त्याच दिवशी ईमेलने काउन्सेलरला कळवा: ‘आपण मला असं सांगितलंत, बरोबर ना?’ उत्तर आलं तर पुरावा, आणि न आलं तरी तुमच्या बाजूची तारखेसह नोंद राहते.

कॉलेज स्वतःच कर्ज देऊ लागलं तर जरा जास्तच सावध व्हा. नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजला उत्पन्नाचा कमाल ९० टक्के भाग सरकारी विद्यार्थी मदतीतून घेता येतो; उरलेले १० टक्के दाखवायला कॉलेजने स्वतः दिलेलं कर्ज सोयीचं पडतं. मिनेसोटातल्या त्याच जोडसंस्थांची कर्जं राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये बेकायदा ठरवली. परवाना नव्हता आणि व्याज १८ टक्क्यांपर्यंत होतं.

फसगत झालीच असेल, तर सरकारी कर्जासाठी ‘बॉरोअर डिफेन्स’चा (कॉलेजने फसवलं म्हणून कर्जमाफीचा) अर्ज शिक्षण खात्याकडे करता येतो. त्याला एक पैसाही लागत नाही. ‘फी भरा, आम्ही माफ करून देतो’ म्हणणारे म्हणजे दुसरी फसवणूक. जाहिराती, ईमेल, प्लेसमेंटचा तक्ता, सगळं जोडा. कॉलेज बंद पडलं तर वेगळी माफी आहे: बंद होताना तुम्ही शिकत असाल किंवा त्याआधीच्या १८० दिवसांत सोडलं असेल तर. पण कोर्स पूर्ण करून डिग्री घेतली असेल तर ती मिळत नाही. आणि खासगी कर्ज या दोन्हींच्या बाहेर; त्यासाठी राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे तक्रार करावी लागते.