एस्पेरान्झा विंडो ट्रॅप: काळ्या माश्यांचा चिकट सापळा कितपत कामाचा?

नदीकाठी पाय उघडे टाकून बसायचं आणि काळी माशी टेकली की ती चावायच्या आत नळीत पकडायची. रिव्हर ब्लाइंडनेस म्हणजे काळ्या माशीच्या चाव्यातून पसरणारा, आंधळेपणा आणणारा जंताचा रोग. त्याच्या अभ्यासात माश्या गोळा करायची ही जुनी पद्धत. एखादी निसटून चावली, तर रोगाचा जंत पकडणाऱ्याच्याच अंगात शिरू शकतो. हे थांबावं म्हणून मेक्सिकोत एस्पेरान्झा विंडो ट्रॅप हा चिकट सापळा बेतला गेला. त्यावरचा अभ्यास २०१३ साली आला आणि २०१४ साली पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोतला, तिथल्या सिम्युलियम डॅम्नोसम जातीच्या काळ्या माश्यांसाठी केलेल्या सुधारणांचा.

रचना अगदी सोपी. १ मीटर बाय १ मीटरची उभी चौकट, त्यावर निळं-काळं प्लास्टिक आणि वरून टँगल-ट्रॅपसारखा गोंद. प्लास्टिक ताणून बसवा, नाहीतर वाऱ्याने फडफडून पालापाचोळा चिकटतो. गोंदाचा हात पातळच द्या; जाड थर उन्हात ओघळतो आणि माशी त्यात बुडाली की अखंड निघत नाही. धुळीच्या वाटेकडेला लावलात तर दुपारपर्यंत त्याचा चिकटपणा गेलाच म्हणून समजा.

खरी मेहनत आहे ती आमिषात. माशी माणसाच्या श्वासावर आणि घामावर येते, त्यामुळे नुसता रंग पुरत नाही. कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट कालवून कार्बन डायऑक्साइड तयार करतात. पाणी कढत असेल तर यीस्ट मरतं, गार असेल तर वायू सुटायलाच उशीर लागतो. बाटली दोन तृतीयांशच भरा, नाहीतर फेस चढून वायू नेणारी नळी तुंबते. वायूचा जोर उतरत जातो, म्हणून दुपारी मिश्रण बदला. सोबत घामेजलेली, न धुतलेली पँट किंवा मोजे टांगा.

संध्याकाळी गोंद विरघळवणाऱ्या द्रावकाच्या दोन-चार थेंबांनी माशी सैल करून चिमट्याने अलगद उचलायची, धुवायची आणि अल्कोहोलमध्ये ठेवायची. धुण्यात कसूर नको. पीसीआरसाठी, म्हणजे जंताचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी, माश्या गोठवून, हलवून डोकी वेगळी करतात, कारण जंताच्या संसर्गक्षम अळ्या माशीच्या डोक्यात सापडतात. गोंद राहिला तर डोकी-धडं एकमेकांना चिकटून बसतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रोगाचं संक्रमण थांबल्याचं ठरवायला किमान ६,००० माश्या तपासाव्या लागतात. एवढ्या माश्या गोळा करायला हा सापळा जरूर घ्यावा. मात्र माशीने आधी अंडी घातली होती का, हे बीजकोश फाडून पाहायचं असेल तर ताजी माशीच हवी. तिथे हा निरुपयोगी. एका माणसाला दिवसाला किती माश्या चावतात, तो आकडाही यातून थेट काढू नये. आणि हा नियंत्रणाचा उपाय नव्हे. माश्या कमी करायच्या तर वेगाच्या प्रवाहात दगडांना आणि लोंबत्या वेलींना चिकटलेल्या माशीच्या अळ्यांनाच गाठावं लागतं.

नव्या जागी आधी काही दिवस सापळे आणि प्रशिक्षित माणसं शेजारीशेजारी लावून पाहा. माश्यांच्या जाती बदलल्या की हाच सापळा कधी भरतो, कधी जवळजवळ रिकामा राहतो.