जुन्या गाडीचा सैल साइड मिरर आणि लॉकटाइट २४३ : माझा अनुभव

साठ-सत्तरच्या दशकातली गाडी चालवणाऱ्यांना हा त्रास नक्की माहिती असणार. गाडी उभी असते, इंजिन नुसतं चालू असतं आणि आरशात मागचं सगळं थरथरत असतं, नंबर प्लेट वाचता येत नाही, आणि जरा स्पीड घेतला की वाऱ्याने आरसा हळूहळू फिरतो आणि मागच्या रस्त्याऐवजी आपलंच दार दिसायला लागतं. दर वेळी पेच आवळायचा, थोडे दिवस बरं चालतं, की परत तेच. माझ्या गाडीवर हे प्रकरण शेवटी मिटलं ते लॉकटाइट २४३ या निळ्या थ्रेडलॉकरच्या (पेच सैल होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचा द्रव) एका थेंबाने, म्हणून सविस्तर लिहितोय, कारण हे जिथे लावायचं तिथे अप्रतिम काम करतं आणि चुकीच्या जागी लावलं तर काहीच उपयोग नाही.

आधी आरसा नेमका कुठे हलतोय ते बघा. एका हाताने बूड दाराला घट्ट दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने डोकं हलवा. बूडच हलत असेल तर दाराच्या पत्र्यातले स्क्रू किंवा खालचं रबर गेलंय. बूड पक्कं आणि दांडी हलतेय तर ग्रब स्क्रू (डोकं नसलेला, ॲलन की म्हणजे षटकोनी चावीने आवळायचा छोटा पेच) सैल आहे. दोन्ही पक्के आणि फक्त आरशाचं डोकं लटपटतंय तर आतल्या बॉल जॉइंटची (डोकं ज्यावर फिरतं तो गोळ्याचा सांधा) पकड गेली.

त्या काळातल्या बऱ्याच क्रोम आरशांची रचना अशी असते की दारावर एक छोटी पट्टी दोन स्क्रूंनी बसवलेली, तिच्यावर आरशाचा पाय सरकवायचा आणि खालच्या बाजूने एक इवलासा ग्रब स्क्रू पट्टीवर आवळायचा. म्हणजे सगळा आरसा त्या एका स्क्रूच्या जिवावर, आणि त्याचे आटे असतात जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव भागात, जो स्टीलपेक्षा खूप मऊ. जोर लावून आवळत राहिलात तर एक दिवस आटेच जातात. पेच परत परत सैल का होतो याचं उत्तर गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनियरने १९६९ मध्ये दाखवलं होतं, आडव्या कंपनाने जोड किंचित जरी सरकायला लागला की आट्यांमधलं घर्षण पेच धरून ठेवायला पुरत नाही आणि तो आपोआप उलटा फिरतो. स्प्रिंग वॉशरने ते थांबत नाही, त्यामुळे वॉशर घालून बघा म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही.

२४३ इथेच कामाला येतं. हा द्रव हवा मिळत नाही आणि धातू लागतो तेव्हाच घट्ट होतो, म्हणून बाटलीत पातळ राहतो आणि आट्यांच्या फटीत गेला की धरतो. जरासं तेलकट असलं तरी चालतं म्हणतात आणि ते खरं आहे, पण जुन्या आरशात वर्षानुवर्षांचं पॉलिश आणि काळा चिकटा बसलेला असतो, त्यामुळे स्क्रू पूर्ण काढून आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करा. मग आरसा हवा तसा बसवा, स्क्रूच्या पुढच्या आट्यांवर एकच थेंब, बेताने आवळायचं आणि सोडून द्यायचं. स्टीलवर साधारण १० मिनिटांत पकड येते, पूर्ण ताकद यायला २४ तास, थंडीत अजून वेळ. तोपर्यंत आरशाला हात लावू नका, गाडी बाहेर काढू नका. द्रव पातळ असला तरी ओघळत नाही, हे मला फार आवडलं, कारण खाली लगेच दाराचा रंग असतो. तरी बाहेर आलेला पुसून घ्याच.

ॲलन की बद्दल एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत इंचाचे साइज असतात. १/८ इंच म्हणजे ३.१७५ मिमी, त्यात ३ मिमीची की आत जाते, बसल्यासारखी वाटते, पण खेळते, आणि जोर दिला की स्क्रूचे आतले कोपरे गोल होतात. मग तो स्क्रू काढणं म्हणजे शिक्षाच. इंचाचा सेट घ्या, नसेल तर थांबा.

लॉकटाइटचंच जास्त पक्कं लाल २७१ कोणी सुचवलं तर हात जोडा. ते सोडवायला साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं, आणि तिथे शेजारी रंग, रबर आणि जस्ताचा ओतीव भाग, म्हणजे आरसा वाचणार नाही. निळा साध्या हत्याराने सुटतो. स्क्रू अगदीच बारीक असेल तर मात्र कमी ताकदीचा जांभळा २२२ जास्त चांगला, कारण बारीक खाचेतून निळा सोडवताना कीच घसरते.

आता जे याने होत नाही ते. बॉल जॉइंटवर हे अजिबात लावू नका, तिथे स्प्रिंगच्या दाबाने घर्षण टिकायला हवं. स्प्रिंग आवळणारा नट बाहेरून हाताला लागत असेल तर फक्त त्याच्या आट्यांवर थेंब चालेल. पत्र्यातलं भोक मोठं झालं असेल तर थ्रेडलॉकर ती जागा भरून काढत नाही, तिथे रिव्हनट (पत्र्याच्या भोकात दाबून बसवायचा आट्यांचा नट) किंवा आतून आट्याची पट्टी लागते. रबर कडक होऊन तडकलं असेल तर आधी ते बदला, नाहीतर आवळलेला दाब टिकत नाही आणि भोकातून पाणी दारात जाऊन पत्रा आतून गंजतो. आणि प्लास्टिकच्या आरशांपासून दूर ठेवा, काही प्लास्टिकला याने तडे जातात.

बाटलीचं टोक स्क्रूला किंवा कुठल्याही धातूला टेकवू नका आणि उरलेला थेंब परत आत ओतू नका, धातूचा कण आत गेला की आतला माल घट्ट होऊ शकतो. छोटी बाटली घ्या, आरशासाठी मोठीची काहीच गरज नाही.