आईला तिन्हीसांजेला देवळात न्यायचं, की घरीच दिव्यापुढे बसायचं?

घरात डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं माणूस असलं की तिन्हीसांजेची धास्ती काय असते, हे वेगळं सांगायला नको. दुपारी नीट बोलणारी आई सहा वाजले की उठते, दाराशी जाते आणि 'घरा वचूंक जाय', घरी जायचंय, म्हणून हट्ट धरते. आपण तिच्याच घराच्या वसरीत उभं राहून तिची समजूत काढत असतो. या वेळेला देवाचं काहीतरी करायचं, हे आमच्याकडे लवकर ठरलं. कुठे करायचं, यावर मात्र वर्ष गेलं. फोंडा तालुक्यातलं आमचं गाव, देऊळ गाडीने पाच मिनिटांवर. आठेक महिने आईला तिथे सायंभजनाला नेलं. आता दीड वर्ष घरीच बसतो. कोणाला यातलं एक निवडायचं असेल, तर माझा अनुभव सांगतो. आमच्याकडे जमलं ते तुमच्याकडे जमेलच असं नाही.

देवळाची बाजू आधी, कारण ती लंगडी नाही. देवळाच्या पायऱ्या आईच्या पायांना पाठ होत्या. घंटेखाली आली की हात आपोआप वर जायचा. अबोलीचा, तेलाचा, कापराचा वास घेऊन ती थोडी सावरून बसायची. आणि तिथे ती पेशंट नव्हती. बायका सरकून जागा करायच्या, 'कशी आसा गे?' विचारायच्या. ती त्यांना ओळखायची नाही, पण हसून उत्तर द्यायची. हा मान घरात आम्ही कितीही केलं तरी देता येत नाही. इथे देवळाचं पारडं जड आहे, हे मी आजही म्हणतो.

मग बिनसलं कुठे? वहाणांवर.

हसू नका. वहाणा देवळाबाहेर काढायच्या, हे आईला पक्कं ठाऊक. आपण त्या काढल्या, हे मात्र दोन मिनिटांत विसरायची. पहिला अभंग संपतो न संपतो तोच माझा सदरा ओढायची, 'म्हज्यो व्हाणो खंय?' बाहेर आहेत म्हटलं की मान हलवायची. पुढच्या अभंगाला पुन्हा तेच. एकदा मी कोणाशी बोलत होतो, तेवढ्यात ती उठून गेली आणि दुसऱ्याच बाईच्या वहाणा घालून निघाली. त्या बाईने दोन शब्द सुनावले. तिचंही चूक नव्हतं, तिला काय माहीत. उपाय म्हणून वहाणा पिशवीत घालून मांडीशी ठेवल्या. आईने पिशवीत डोकावून पाहिलं आणि मला सगळ्यांदेखत झापलं, 'देवळात व्हाणो?' मुलाचं नाव आठवत नाही, पण सोवळं-ओवळं शाबूत! गाडीतच काढून ठेवल्या, तर पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर अनवाणी चालवायची माझी हिंमत होईना. या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड.

एरवी मी चिडलोही नसतो. पण एक दिवस लक्षात आलं, की तासभराच्या भजनात आई भजनात अशी नसतेच. ती वहाणांत असते. मग आणतोय कशाला?

देवळातल्या बाकीच्या अडचणी त्यामानाने किरकोळ. लाउडस्पीकर मोठा असतो, पंख्यांचा आवाज असतो, आणि मंडळातल्या तरुण गळ्यांचा सूर आईला पोचण्यापलीकडे चढा लागतो.

आता घर. आमचा रिवाज साधा आहे. अंधार पडायच्या आधीच, सव्वासहाला सगळे दिवे लावतो, कारण अर्धवट उजेडातल्या सावल्यांना आई घाबरते. समई तिच्या हाताला लागणार नाही अशी उंचावर. मग तिच्या हातात टाळ द्यायचे. नुसतं 'म्हण' म्हटलं तर ती गप्प बसते. हातात टाळ आले की हात चालतात आणि हातांच्या मागून तोंड. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधतो, म्हणून आज सकाळचं काही उरत नाही. वर्षानुवर्षं हातांत आणि गळ्यात मुरलेलं मात्र पुष्कळ उशिरापर्यंत टिकतं, असं डॉक्टर सांगतात. आमच्या घरात ते रोज दिसतं. आई आमच्याशी जन्मभर कोकणीत बोलली आणि देवाशी मराठीत, गोव्यातल्या पुष्कळ हिंदू घरांत असंच असतं. आता पेल्याला कोकणीत काय म्हणतात ते तिला सुचत नाही, पण अभंगाचा पहिला चरण दिला की दुसरा ती देते.

घराचा खरा फायदा हा, की घर थांबतं. ती मधेच अडली तर आम्ही अडतो. एकच अभंग चार वेळा आला तरी कोणी वळून बघत नाही. रामरक्षा ती मधूनच सुरू करते, कधी शेवटाकडून उलटी मधे येते. माझ्या भावाने एकदा चूक दाखवली, तर टाळ खाली ठेवून ती रात्रभर रुसली. तेव्हापासून चूक दाखवायची नाही, हा घरचा नियम. (भजनांचे डबे मिळतात, बटण दाबलं की सुरू. आणून पाहिला. तो आईसाठी थांबत नाही, म्हणून कपाटात पडला आहे.)

शेजारी ख्रिस्ती घर आहे. तिथल्या म्हाताऱ्या बाईचंही हेच दुखणं. चर्चमध्ये मिसला, म्हणजे तिथल्या सामुदायिक प्रार्थनेला बसणं तिला झेपेना, पण घरच्या क्रुसापुढे तिन्हीसांजेचा तेर्स, माळेचे मणी ओढत म्हणायची प्रार्थना, ती अजून म्हणते. शब्द घसरतात, बोटं मण्यांवरून बरोबर सरकतात. आमचे टाळ आणि त्यांचे मणी भिंतीच्या दोन बाजूंना एकाच वेळी चालू असतात.

घराचा तोटा लपवत नाही: रोज कोणीतरी घरी लागतं, आणि ते कोणीतरी बहुतेक सून असते. माझी बायको दोन महिन्यांत थकली. आता वार वाटून घेतले आहेत. सांभाळणाऱ्याचा विचार ही चैन नव्हे. गोव्यातच ८१ कुटुंबांना घेऊन एक चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जाऊन माहिती आणि आधार देत. ठळक फरक दिसला तो सांभाळणाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यात. रुग्णांच्या वागण्यातला फरक तितका ठाम नव्हता. मलाही तसंच वाटतं. भजनाने आईचा आजार मागे हटलेला नाही, गोळ्या चालूच आहेत, आणि महिन्यातून चार-पाच संध्याकाळी टाळ हातात देऊनही ती दाराशी जातेच. पण आम्हाला त्या वेळेची आता पूर्वीइतकी भीती वाटत नाही.

तुमच्याकडचं माणूस अजून लोकांना नावाने ओळखत असेल, आवाज सहन होत असेल, सोबत दोन माणसं असतील, तर आधी देऊळच करून पाहा. विशेषतः ज्याचं सगळं आयुष्य देवळाच्या कामात गेलं, त्याला घरात कोंडणं बरं नाही. मात्र तिथे बसल्यावर त्याचं चित्त कशात आहे, ते चार दिवस बारकाईने पाहा.

आम्ही देऊळ अगदीच सोडलेलं नाही. सोमवारी चारच्या सुमाराला, गर्दी नसते तेव्हा, आईला गाडीतून दीपस्तंभापाशी नेतो आणि दार उघडतो. ती आतूनच कळसाकडे बघून हात जोडते, पाच मिनिटं काहीतरी पुटपुटते. वहाणा पायांतच असतात.