सिम्पसन वाळवंट आणि आमची फोर-व्हील-ड्राइव्ह: शॉक, टायर, कॉम्प्रेसर यांचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ॲडलेडमधल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला हल्ली एकच प्रश्न येतो: सिम्पसन डेझर्टला जायचंय, कोणती गाडी घेऊ? सिम्पसन म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियातलं वाळूच्या टेकड्यांचं वाळवंट. गाडीपुरतं उत्तर सोपं आहे. लॅडर फ्रेमची (खाली शिडीसारखा पोलादी सांगाडा असलेली), लो-रेंज (हळू पण जास्त जोर देणारे गिअर) असलेली, धडधाकट अवस्थेतली कुठलीही डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह तिथून पार होते. आमचीही तशीच आहे. सेकंड हँड घेतलेली, सात आसनी, ऑटोमॅटिक, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात), मागे सॉलिड ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा अखंड आस) आणि कॉइल स्प्रिंग. विचार करायचा तो तिच्यावर काय लादायचं, तिच्याखाली काय बसवायचं आणि त्यातलं काय मोडलं तर हातातल्या पान्यांनी निभावता येतं, याचा. हे लिहिताना ते सगळं सामान कित्येक महिने वापरून झालंय: फ्लिंडर्स रेंजेस, ऊडनाडॅटा ट्रॅक, मग हिवाळ्यात सिम्पसन, आणि त्यानंतरही. कंपन्यांची नावं देत नाही. जे मोडलं ते त्या प्रकारच्या वस्तूच्या स्वभावामुळे मोडलं, आणि कुठल्या प्रकारची वस्तू घ्यावी हेच मला सांगायचंय.

आधी जागा समजून घ्या, कारण प्रत्येक बिघाडाचं मूळ तिथे आहे. सिम्पसनमध्ये वाळूच्या अकराशेच्या आसपास टेकड्या आहेत, एकमेकींना समांतर, उत्तर-वायव्येकडून दक्षिण-आग्नेयेकडे पसरलेल्या. रस्ता पूर्व-पश्चिम, म्हणजे जवळजवळ प्रत्येक टेकडी आडवीच चढावी लागते. पश्चिमेकडचा उतार मवाळ, पूर्वेकडचा उभा, म्हणून बहुतेक लोक वाळवंटाच्या पश्चिम कडेच्या माउंट डेअर या ठाण्याहून निघून पूर्वेला बर्ड्सव्हिल गावी उतरतात. या दोन ठिकाणांमध्ये मार्गानुसार पाचशे किलोमीटर किंवा थोडं जास्तच अंतर पडतं आणि मध्ये डिझेलचा पंप नाही. १ डिसेंबर ते १५ मार्च वाळवंट बंद असतं, एरवी डेझर्ट पार्क्स पास लागतो.

आम्ही फ्रेंच लाइनने गेलो. १९६० च्या दशकात तेल शोधणाऱ्या फ्रेंच कंपनीने भूकंपमापनासाठी आखलेली ही सरळ रेघ. दक्षिणेची रिग रोड अवजड यंत्रं नेण्यासाठी बांधली होती, तिच्यावर मातीचा थर होता, त्यामुळे ती लांब पण सौम्य आहे. फ्रेंच लाइनवर मात्र टेकडी चढताना चाकांनी खणलेले डावे-उजवे खड्डे असतात. गाडी एका बाजूला झुकते, मग दुसऱ्या. चाकांत हवा जास्त ठेवून जोर लावणाऱ्या आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांनी ते खड्डे खोल केलेत. ट्रेलर घेऊन इथे येऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या मागून येणाऱ्या प्रत्येकाला ते भोगावं लागतं.

आता शॉक ॲब्झॉर्बर, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या तेलाच्या नळ्या, ज्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त लिहायचंय.

गाडी घेतली तेव्हा तिच्यावर मागे दोन इंच उंच करणारं, ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांच्या) शॉकचं मध्यम किमतीचं किट बसवलेलं होतं. शहरात, फ्लिंडर्सच्या दगडी वाटांवर, समुद्रकिनाऱ्यावर त्याने उत्तम काम दिलं. पण शॉकचं काम म्हणजे हालचालीची उष्णता करणं. नालीदार पत्र्यासारख्या लाटांच्या कच्च्या रस्त्यावर तासन् तास मिनिटाला शेकडो ठोके बसतात, आतलं तेल तापतं, पातळ होतं, त्यात गॅस मिसळून फेस होतो आणि शॉक नुसता वरखाली होऊ लागतो. मग तो सगळा मार बुश (सांध्यातले रबरी तुकडे), बोल्ट आणि वेल्डिंगवर जातो. ऊडनाडॅटाहून हॅमिल्टनमार्गे डॅलहाउसी स्प्रिंग्जपर्यंतच्या वाटेने आमच्या शॉकचं आयुष्य तिथेच संपवलं होतं. वाळू सुरू व्हायच्या आधी. डॅलहाउसीच्या कोमट पाण्याच्या डोहात शरीराचा शीण गेला, पण गाडीखाली मागच्या डाव्या शॉकच्या तळच्या कडीला तडा गेला असणार, आणि तो चिखल-धुळीच्या थराखाली दिसण्यासारखा नव्हता.

वाटेतली पुर्नी बोअर ही बोअरवेल मागे टाकल्यावर बऱ्याच टेकड्या ओलांडून झाल्या होत्या. मागून ‘टण्ण’ असा आवाज आला आणि लगेच यूएचएफ रेडिओवर मागच्या गाडीतला मित्र: “थांब रे, थांब! तुझ्या डाव्या चाकापाशी काहीतरी लोंबतंय.” तळची कडी वेल्डिंगपासून सुटून ॲक्सलवरच राहिली होती आणि शॉकची नळी कॉइलवर आपटत होती.

दोन टेकड्यांमधल्या सपाट पट्ट्यात गाडी घेतली. जॅकखाली जाड लाकडी पाट ठेवला, त्याशिवाय वाळूत जॅक वर जाण्याऐवजी खाली जातो. चाक काढलं, वरचा बोल्ट सोडला, शॉक बाहेर. इथवर कुणालाही जमेल. पुढचं मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे: अशा मागच्या ॲक्सलला खाली किती लटकायचं हे शॉकच ठरवत असतो. तो काढला की टेकडीच्या माथ्यावर चाक हवेत लोंबतं, कॉइल आपल्या बैठकीतून निसटते, आणि ब्रेकची नळी ताणली जाते. म्हणून रॅचेट स्ट्रॅप (खटक्याने आवळायचा पट्टा) ॲक्सल आणि चेसिसभोवती (गाडीच्या सांगाड्याभोवती) दुहेरी घेतला आणि लांबी अशी ठेवली की स्प्रिंगला दबायला मोकळीक राहील, पण ॲक्सल बैठक सोडण्याइतका खाली जाणार नाही. चेसिसच्या धारेवर पट्टा कापू नये म्हणून बागेच्या जुन्या पाइपचा तुकडा चिरून तिथे चढवला. एबीएसची (ब्रेक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) तार बाजूला बांधली. मागचं पाणी आणि जड पेट्या मित्राच्या गाडीत गेल्या. त्यानंतर बर्ड्सव्हिलपर्यंत प्रत्येक थांब्यावर पट्टा तपासत, प्रत्येक माथ्यावरून जवळजवळ चालत्या माणसाच्या गतीने उतरत आम्ही आलो. साधा, शिवण धड असलेला रॅचेट स्ट्रॅप ही माझ्या यादीतली पहिल्या क्रमांकाची वस्तू आहे.

बर्ड्सव्हिलच्या गॅरेजमध्ये नवा जोड येईपर्यंत थांबावं लागलं. तिथे माणसं मदतीला तत्पर आहेत, पण सुटा भाग कुठून तरी लांबूनच येतो, हे सुट्टीच्या हिशेबात धरा. परत आल्यावर चारही शॉक बदलले: जाड नळीचे, मोठ्या पिस्टनचे, गॅसऐवजी आत फोमचा थर असलेले, त्यामुळे तेलात फेस होत नाही. ते लावून ऊडनाडॅटा ट्रॅक पुन्हा केला, तेलाची गळती नाही, बुश शाबूत. शहरात गाडी थोडी कडक लागते, मागे बसणाऱ्या आईबाबांना ते जाणवतं. माझ्या मते हा सौदा पूर्ण मान्य करण्यासारखा आहे.

एक स्वस्त उपकरण आग्रहाने सुचवतो: इन्फ्रारेड थर्मामीटर. लाटांच्या रस्त्यावर थांबलं की चारही शॉकच्या नळ्यांचं तापमान घ्यायचं. एकाच ॲक्सलवरचे दोन्ही शॉक साधारण सारखेच गरम हवेत. एक थंड असेल तर तो काम करत नाहीये. व्हील बेअरिंगचंही असंच, फक्त तिथे गरम असणारं चाक संशयित.

टायर: लाइट ट्रक बांधणीचे, ऑल-टेरेन. आम्ही डांबरावर ३८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), कच्च्या रस्त्यावर २६ ते २८ आणि सिम्पसनमध्ये १६ ठेवले. हवा कमी केली की टायर रुंदीपेक्षा लांबीने जास्त पसरतो आणि वाळूवर वजन वाटलं जातं. शॉकवरचा मारही हलका होतो, हे फार कमी लोक बोलतात. आमच्या टायरना पंक्चर नाही, बाजूच्या भिंतीला काप नाही, झीजही एकसारखी. मित्राच्या गाडीचा पुढचा टायर मात्र उतारावर वळण घेताना रिमवरून उतरला. गाडी उचलली, कडेची वाळू धुतली, साबणाचं पाणी लावलं, व्हॉल्व्हचा गाभा काढून पूर्ण वेगाने हवा भरली आणि दोन फटाक्यांसारखे आवाज होऊन टायर बसला. इतक्या कमी हवेवर स्टिअरिंग झटकन वळवायचं नाही, बस.

ती हवा भरली कॉम्प्रेसरने. दोन पिस्टनचा, १२ व्होल्टचा, थेट बॅटरीला जोडायचा. लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे पंप या कामाचे नाहीत. आमचा तापला की आपोआप बंद पडतो आणि गार झाला की चालू होतो. बर्ड्सव्हिलला दोन गाड्यांचे टायर भरताना तो असा थांबला, पण तक्रार नाही, तेच त्याचं रक्षण आहे. हवेचा फिल्टर दर प्रवासानंतर झटका. इंजिन चालू ठेवूनच वापरा.

स्पिनिफेक्स गवताच्या बियांबद्दल आणखी गंभीरपणे सांगतो. हिवाळ्यात वाटेच्या मधोमध हे गवत उभं असतं. बिया रेडिएटरच्या जाळीत भरतात आणि गाडी तापते, शिवाय खाली एक्झॉस्ट आणि डिझेलच्या काजळीच्या फिल्टरभोवती साचून पेटतात. वाळवंटात गाड्या जळून गेलेल्या आहेत. आम्ही ग्रिलवर शेड-नेटचा तुकडा ताणून बांधला होता. काही तासांत तो बियांनी गच्च भरायचा आणि कूलंटचं तापमान वर सरकायचं, झाडला की खाली. ऑटोमॅटिकवाल्यांनी गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमानही पाहावं. हाय रेंजमध्ये वाळू चढताना ते चढतं, लो-रेंज टाकली की उतरतं. संरक्षक पत्र्यावर साचलेला कचरा रोज काढणं आणि हाताशी अग्निशामक ठेवणं यात सवलत नाही.

छतावर घडी उघडणारा तंबू आम्ही या प्रवासानंतर विकून टाकला. झोपायला सुरेख होता, बायकोला फार आवडायचा. पण एवढं वजन उंचावर असलं की तिरक्या खड्ड्यांत गाडी नको तितकी झुकते, आणि रॅकचे बोल्ट रोज सैल व्हायचे. आता जमिनीवरचा तंबू. दुसऱ्या बॅटरीच्या तळाची पट्टीही लाटांनी तडकली होती, ती जाड तारेने आवळून घरी आणली आणि नंतर जाड पत्र्याची करून घेतली. फ्रीज स्वतः निर्दोष. त्याचा गोल प्लग सुटायचा, म्हणून स्क्रूने आवळायचा जोड बसवला.

डिझेल: मोठी टाकी धरून दीडशे लिटर. डांबरावर शंभर किलोमीटरला १२ लिटर लागतात, सिम्पसनमध्ये १९ च्या आसपास गेले. शॉक गेल्यावर हळू चालल्याने तो आकडा वाढला. तरी बर्ड्सव्हिलला पोचलो तेव्हा टाकीत समाधान वाटावं इतकं शिल्लक होतं.

गाडीवर उंच झेंडा बंधनकारक आहे, टोक जमिनीपासून किमान साडेतीन मीटर. समोरून येणारा माथ्याच्या पलीकडे दिसतच नाही, त्याचा झेंडा दिसतो. यूएचएफ चॅनल १० वर “पूर्वेला जाणाऱ्या दोन गाड्या, फ्रेंच लाइन” असं सांगत राहायचं. अडकलात तर आधी हवा कमी करा, मग फावडं, मग रिकव्हरी बोर्ड (चाकाखाली घालायच्या फळ्या). आमचं बहुतेक काम एवढ्यावर भागलं. नायलॉनचा लवचिक पट्टा वापरायची वेळ आलीच तर चेसिसला बसवलेल्या, वजनासाठी ठरवलेल्या हुकालाच लावायचा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला पट्टा लावल्याने तो तुटून गोळीसारखा सुटलाय आणि माणसं मेली आहेत.

पोपेल कॉर्नरला साउथ ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलँड आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमा एकत्र येतात. तिथे स्ट्रॅप तपासताना मला रेग स्प्रिग आठवले. साउथ ऑस्ट्रेलियातल्या एडिआकारा टेकड्यांतले अतिप्राचीन जीवाश्म ज्यांनी १९४६ साली शोधले, तेच भूशास्त्रज्ञ. १९६२ मध्ये पत्नी ग्रिसेल्डा आणि दोन मुलांना घेऊन निसान पेट्रोलमधून त्यांनी हे वाळवंट ओलांडलं, मोटारगाडीने ते पार करणारे पहिले. तेव्हा फ्रेंच लाइन नव्हती. त्याआधी १९३६ मध्ये टेड कोल्सन आणि अंताकिरिंजा समाजातले पीटर एन्स उंटांवरून गेले होते. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून वांगकांगुरू लोक ‘मिकिरी’ नावाच्या खोल अरुंद विहिरींच्या आधारे इथे घर करून राहत होते. आपण ज्याला पार करायची जागा म्हणतो ती त्यांची वस्ती होती. म्हणून वाटेच्या बाहेर गाडी घालू नका, कचरा परत आणा.

कुणी घ्यावं हे किट? वर्षातून एकदा समुद्रकिनारा आणि कधीतरी फ्लिंडर्स एवढंच असेल, तर कंपनीने दिलेलं सस्पेन्शन, चांगले टायर आणि कॉम्प्रेसर पुरे. सिम्पसन, पश्चिम ऑस्ट्रेलियातला कॅनिंग स्टॉक रूट अशी स्वप्नं असतील तर पैसे या क्रमाने घाला: शॉक, टायर, कॉम्प्रेसर, सॅटेलाइट फोन. इंजिनची ताकद वाढवणाऱ्या ट्यूनिंगवर आणि दिव्यांच्या पट्ट्यांवर नंतर. निघण्याआधी मागच्या शॉकचा एक सुटा नग, बुशचा संच आणि दोन्ही मापांचे बोल्ट पेटीत टाका. डॅलहाउसीला पोचल्यावर डोहात उतरण्याआधी गाडीखाली शिरा, शॉकच्या कड्या ब्रशने साफ करा आणि टॉर्च धरून वेल्डिंग पाहा. तिथून माउंट डेअर अजून जवळ असतं, परत फिरता येतं.