गिरवायची वही आधी की क्लेचा गोळा?

मूल तीन वर्षांचं झालं की बोटांना वळण लावायला काय आणावं, हा प्रश्न घरात निघतोच. गिरवायची वही, क्ले, ओवायचे मणी, छोटी कात्री. माझं मत आधीच सांगते: वही सगळ्यांत शेवटी.

कारण हातातच आहे. जन्माच्या वेळी मनगटातली हाडं बहुतेक कूर्चेचीच, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक अशी असतात, ती पक्की व्हायला बरीच वर्षं जातात. हाताचा ताबाही खांद्याकडून बोटांकडे हळूहळू उतरतो. म्हणून दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरतं, आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट अशी पकड बहुतेकांना ४ ते ६ वर्षांदरम्यान जमते. त्याआधी वही पुढे ठेवली की मूल पेन्सिल आवळून धरतं, हात लवकर दुखतो आणि लिहिण्याचाच कंटाळा येतो. हे पाहून मला फार वाईट वाटतं.

क्ले मात्र बोटांना उलट जोर लावायला लावते. दाबणं, लाटणं, चिमटीने तोडणं, बारीक गोळ्या वळणं, या सगळ्यात तळहाताचे लहान स्नायू कामाला लागतात. शिवाय यात चुकलं असं काही नसतं. गोळा मोडायचा, पुन्हा करायचा. एकच वस्तू घ्यायची असेल तर मी हीच घेईन.

मणी ओवताना एक हात दोरी धरतो, दुसरा मणी सरकवतो, नजर दोन्हींवर. पण तीन वर्षांखालच्या मुलाला लहान मणी देऊच नका, घशात अडकतात. मोठे मणी आणि कडक टोकाची दोरी बघा.

कात्री बोथट टोकाची हवी, आणि मोठं माणूस शेजारी. तिसऱ्या वर्षी कागदाच्या पट्टीवर नुसता एकेक काप पुरे. रेघेवरून कापणं चौथ्या वर्षाच्या आसपास येतं. मूल डावखुरं असेल तर डावखुऱ्यांची कात्री आणा, नाहीतर पात्याआड रेघ दिसतच नाही.

मग वही कधी? मूल आपलं आपण गोल आणि अधिकची खूण काढू लागलं की. तोवर भिंतीवर मोठा कागद चिकटवा, उभ्यावर चित्र काढताना मनगट आपोआप योग्य वळतं. आणि खडू मोडले तर टाकू नका. इंचभर तुकडा मुठीत नीट बसत नाही, तो बोटांच्या टोकांनीच धरावा लागतो.