देवाचा दिवाण की ईश्वरचिठ्ठी?

कारभार देवाच्या मर्जीने चालावा असं म्हणणाऱ्यांची नागपुरात कमतरता नाही. घोडं अडतं ते पुढच्या प्रश्नावर. ही मर्जी आपल्याला कळवणार कोण? ले-आऊटमधल्या मंदिराची नवी समिती बसवायची असो, नाहीतर टपरीवर चहा पिता पिता अख्ख्या देशासाठी आदर्श राज्य मांडायचं असो, फिरून दोनच वाटा उरतात. एकीत देव मालक आणि एखादा सज्जन माणूस त्याचा दिवाण. दुसरीत पात्र माणसांची नावं देवापुढे ठेवायची आणि चिठ्ठी उचलायची. ज्यांना घटनेचा मसुदा लिहायला बसायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. निवडणुकीचे गुणदोष सगळ्यांना पाठ आहेत, त्यात शिरत नाही.

दिवाणकीची वाट जुनी आणि देखणी आहे. मेवाडचे खरे राजे एकलिंगजी, म्हणजे शंकर, आणि महाराणा त्यांचे दिवाण. त्रावणकोरात १७५० साली मार्तंड वर्मांनी सगळं राज्य पद्मनाभस्वामींच्या चरणी वाहिलं आणि स्वतः ‘पद्मनाभदास’ म्हणून गादीवर राहिले. गादीवरच्या माणसाने ‘हे माझं नाही’ असं रोज म्हणणं ही काही लहान गोष्ट नाही. निर्णय झटपट होतात. देणगीदारालाही एक ओळखीचा चेहरा लागतो, तो मिळतो. पण त्याच दानाची दुसरी बाजूही बघा. राज्य देवाचं झालं की राजाशी वैर म्हणजे देवाशी वैर. विरोधक मग नुसता विरोधक राहत नाही, पापी ठरतो.

आणि मला जे खुपतं ते याच्याही पुढचं आहे: हिशोब. मालक कधी तपासायला येत नाही, आणि दिवाणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘देव पाहतो आहे ना!’ दानपेटीला एकच कुलूप, किल्ली एकाच्याच कंबरेला. वहीत ‘महाप्रसाद किरकोळ’ अशी एक ओळ. तेलाचे पिपे किती आले, सिलिंडर किती लागले, आचाऱ्याला काय दिलं, एकाचंही बिल नाही. माणूस चोर असतो असं नाही, बहुतेक वेळा तो सज्जनच असतो. पण सज्जन माणसाला पावती मागणं म्हणजे त्याच्या भक्तीवर शंका घेणं, असा सगळ्यांचा समज होऊन बसतो. मग कोणी विचारत नाही. पाच वर्षांनी ऑडिटर विचारतो, तेव्हा आठवायलाही कोणी नसतं. हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही, पाहण्यातलं सांगतो. पण माझं मत फिरलं ते या एका किल्लीपायी.

दीक्षाभूमीच्या गावात हे वेगळं सांगायला नको. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी हेच बजावलं होतं: धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेईल कदाचित, राजकारणातली भक्ती मात्र अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडेच नेते. त्याआधी महिनाभर, १७ ऑक्टोबरला, आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडातून गेलेल्या ह. वि. कामतांनी उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करावी अशी दुरुस्ती मांडली होती. बाजूने ४१, विरोधात ६८, दुरुस्ती पडली. ती मंजूर झाली असती तरी आपला प्रश्न सुटला नसता. कागदाच्या वर देवाचं नाव आलं म्हणून खाली सही कोणी करायची ते ठरत नाही.

आता चिठ्ठी. तिला हसण्याआधी हे लक्षात घ्या की कायद्यालाही ती चालते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६५ नुसार मतं समसमान पडली तर चिठ्ठी काढतात आणि जिंकणाऱ्याला एक मत जास्तीचं मिळाल्याचं धरतात. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये सुरेंद्र बागलकर आणि अतुल शहा यांची मतं बरोबरीत आली, चिठ्ठीने शहा नगरसेवक झाले. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांतला शब्द ‘ईश्वरचिठ्ठी’ हाच. मराठी माणसाने या प्रकाराला नाव देतानाच देवाला त्यात बसवून ठेवलं आहे.

पण बरोबरी फोडायला चिठ्ठी वेगळी आणि सगळा कारभार चिठ्ठीवर वेगळा. त्याचा सर्वांत बारकाईने लिहिलेला नमुना कांचीपुरमजवळच्या उत्तिरमेरूरच्या देवळाच्या भिंतीवर आहे, चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातला, इ.स. ९१९ ते ९२१ चा. तीस पेठा, प्रत्येकीतून पात्र माणसांची नावं ताडपत्रावर लिहून घागरीत टाकायची. वय पस्तिसाच्या वर, सत्तरच्या आत. मागच्या तीन वर्षांत समितीवर असलेला बाद. आणि ज्याने समितीवर असताना हिशोब दिला नाही तो तर बादच, त्याचे नातेवाईकही बाद! आत काय आहे हे न कळणाऱ्या लहान मुलाने एक पान काढायचं. ते घेणाऱ्या मध्यस्थाने पाचही बोटं फाकवून तळहात उघडा ठेवायचा, म्हणजे बोटांत लपवलेलं दुसरं पान सरकवता येणार नाही. मग ते मोठ्याने वाचायचं, आणि हजर असलेल्या पुजाऱ्यांनीही वाचायचं. देवावर पूर्ण विश्वास, माणसाच्या बोटांवर अजिबात नाही. मला ही व्यवस्था आवडते ती यासाठी.

त्यातली खोटही सांगितली पाहिजे. ते ब्राह्मणांचं गाव होतं. जमीन, स्वतःचं घर आणि वेदांचं ज्ञान असलेल्यांचीच नावं घागरीत जायची. घागरीत कोणाचं नाव पडू द्यायचं हे माणसंच ठरवतात, देवाकडे उरलेली निवड जाते. तेव्हा मसुद्यात सगळ्यात जास्त भांडायचं असेल तर पात्रतेच्या कलमावर भांडा. वस्तीतल्या बाया, भाडेकरू, मागच्या गल्लीतली घरं यादीत आहेत की नाहीत, ते तिथेच ठरतं.

चिठ्ठीवरचा नेहमीचा आक्षेप असा, की नेमका निकामी माणूस निघाला तर? आक्षेप खरा आहे. उत्तिरमेरूरवाल्यांनी चिठ्ठीने निघालेल्यांपैकी बाग आणि तलाव यांच्या समित्यांवर काम केलेले, विद्वान आणि वयस्कर अशांतून वार्षिक समितीची माणसं घेतली. इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्ती मंडळींची तोड आणखी सुटसुटीत आहे: आधी मतदानाने तीन नावं, मग त्यातून चिठ्ठी. ४ नोव्हेंबर २०१२ ला कैरोत डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मुलाने काचेच्या पात्रातून चिठ्ठी काढली आणि ‘तवाद्रोस दुसरे’ त्यांचे पोप झाले. आपल्यासाठी मधली वाट बहुधा हीच बरी. सात जागांना एकवीस नावं घ्या, प्रत्येकाची ‘काम करीन’ अशी लेखी संमती आधी घ्या, सात काढा, वर दोन राखीव काढा. दरवर्षी एक तृतीयांश बदला, सगळी समिती एकदम बदलली तर लाइट बिल कुठे भरायचं इथपासून सुरुवात होते. खजिनदार मात्र बँकेचं काम जमणाऱ्यांतूनच काढा. दानपेटीला दोन कुलुपं, किल्ल्या दोन वेगळ्या घरी. पेटी तिघांसमोर उघडायची, कोणत्या नोटा किती ते कागदावर मांडायचं, तिघांच्या सह्या, दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा.

ट्रस्ट नोंदलेला असेल तर आधी घटना काढून वाचा. तिच्यात निवडणूक लिहिली असताना तुम्ही चिठ्ठ्या उचलल्या तर कोणीही हरकत घेईल आणि त्याचं बरोबर असेल. पद्धत आधी रीतसर बदलून घ्या. नवे विश्वस्त आल्यावर बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत गेला पाहिजे. देवाने निवडलं म्हणून मुदत वाढत नाही.

तीन-चार घरांचं छोटं देऊळ असेल, खर्च उदबत्ती आणि दिवाबत्तीपुरताच असेल, तर दिवाणकीही चालून जाते; उगाच घागर आणू नका. वर्गणी सुरू झाली, महाप्रसाद आला, बांधकाम निघालं, की माझा कल चिठ्ठीकडे आहे.

चिठ्ठी बिघडते ती मात्र बारीक जागी. कागद एकाच वहीचे, पेन एकच, अक्षर एकाचंच, घड्या सारख्याच. एक चिठ्ठी वेगळी दुमडली की बोटाला कळतं. चिठ्ठी घडीने जाड होत असेल तर सारख्या प्लास्टिकच्या डब्या घ्या. भांडं काचेचं किंवा तोंड रुंद असलेलं. चिठ्ठी काढणारं पोर कोणत्याही उमेदवाराच्या घरचं नको. आणि निघालेलं नाव जिंकलं की बाद झालं, हे काढायच्या आधी मोठ्याने सांगून ठेवा. हिमाचलात फेब्रुवारी २०२४ च्या राज्यसभा निवडणुकीत दोघांना ३४-३४ मतं पडली. तिथे चिठ्ठीत नाव निघालं अभिषेक मनू सिंघवी यांचं, आणि नियमाने हरलेही तेच, हर्ष महाजन निवडून आले. प्रकरण पुढे कोर्टात गेलं. सात नावं आणि दोन राखीव निघाल्यावर उरलेल्या बाराही चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उघडून वाचा, सगळ्यांवर एकच नाव लिहिण्याची जुनी युक्ती तिथेच पकडली जाते. हे प्रसाद वाटायच्या आधी करा, प्रसाद हातात पडल्यावर कोणी थांबत नाही.