स्पंज फिल्टर: दिसायला गबाळा, कामाला चोख

भाच्याच्या दोन फुटी माशांच्या टाकीत गेल्या पावसाळ्यापासून हा चालतोय. काळा स्पंज, त्यातून वर आलेली नळी, बाहेर एअर पंप, बस्स, एवढंच. नव्याने मासे पाळणारा याला कचरा अडवणारी जाळी समजतो आणि नळाखाली स्वच्छ पाणी येईपर्यंत पिळून काढतो. तिथेच घात होतो. खरं काम स्पंजात वस्तीला आलेले जिवाणू करतात. माशांच्या घाणीतून येणारा अमोनिया ते आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये बदलतात. ही वस्ती जमायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, आणि नळातलं क्लोरीन ती मारतं. म्हणून टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं, स्पंज त्यात दोनदा दाबायचा, तपकिरी गाळ सुटला की परत लावायचा. चकचकीत दिसायला नकोच.

(दुकानदार पहिल्याच दिवशी टाकीसोबत गोल्डफिशही गळ्यात मारत होता. हसून नाही म्हटलं.)

तक्रार पंपाच्या घरघरीची. हॉलमध्ये चालून जाते, झोपायच्या खोलीत नाही. खाली फोमचा तुकडा ठेवा, बरीच कमी होते. पाकिटात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नव्हता, तो वेगळा घ्याच. नाहीतर लाइट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं. किंवा मग पंप टाकीपेक्षा उंच फळीवर ठेवा.

गप्पी, मॉली अशा छोट्या माशांसाठी डोळे मिटून घ्या. मोठ्या गोल्डफिशच्या घाणीपुढे मात्र हा एकटा पुरा पडत नाही.